टाय, बेल्ट, कफलिंक: फॉर्मल कपड्यांवर या चुका टाळा

सूट नीट शिवलेला, बूट चकचकीत, तरी आरशात काहीतरी खटकतं. अशा वेळी रंगावर संशय घेतला जातो, पण बहुतेकदा माप चुकलेलं असतं. दुकानात ‘मॅचिंग’ मागण्याआधी टेप काढा.

बेल्ट

पँटची कंबर ३४ म्हणून बेल्टही ३४ चाच घेतला, तर तो शेवटच्या भोकात जेमतेम अडकतो. बेल्टचं माप बकलच्या मुळापासून मधल्या भोकापर्यंत धरतात आणि तो शर्ट-पँटच्या वरून फिरतो. म्हणून कंबरेपेक्षा २ इंच मोठा घ्या. पाचपैकी मधलं भोक लागलं, तर माप बरोबर. रुंदी ३ ते ३.५ सेंटीमीटर, ४ सेंटीमीटरचा पट्टा जीन्सवरच शोभतो. बेल्ट लांब पडला तर खिळ्याने नवं भोक पाडू नका. बकल क्लिपचं किंवा स्क्रूचं असेल तर ते काढून त्या बाजूने पट्टा कापा, म्हणजे टोकाचा आकार बिघडत नाही.

बेल्टचे पापुद्रे सुटायला लागले तर समजा, तो रेक्झिन किंवा पीयू, म्हणजे नकली चामडं आहे. पीयूचा थर दमट हवेत आपोआप तुटतो, बेल्ट वापरला नाही तरी. पॉलिश लावून उपयोग नाही. धारावीत सायन-वांद्रे लिंक रोडवर चामड्याची दुकानं भरपूर आहेत. तिथेही भोकाची कड निरखून पाहा. चामड्याचे तंतू दिसतात, पीयूखाली कापडाचं अस्तर दिसतं.

पावसाळ्यात बंद कपाटात चामड्यावर पांढरी बुरशी धरते. बेल्ट गॅलरीत नेऊन कोरड्या फडक्याने पुसा (घरात झटकलात तर बुरशी बाकीच्या कपड्यांवर बसेल), पंख्याखाली वाळवा आणि न्यूट्रल पॉलिशचा पातळ हात द्या. उन्हात टाकला की चामडं तडकतं. ठेवताना गुंडाळू नका, बकलला धरून टांगा.

टाय

टोक बकलच्या मध्यावर आलं पाहिजे. बेंबीवर थांबलं किंवा पँटच्या चेनपर्यंत लोंबलं, तर गाठ ओढून काही साधत नाही. पूर्ण सोडा, रुंद बाजू हवी तेवढी वरखाली करा, पुन्हा बांधा. साधारण टाय १४५ ते १५० सेंटीमीटरची असते. सहा फुटांवरच्या माणसाने एक्स्ट्रा लाँग मागावी.

गर्दीच्या लोकलमध्ये टाय बांधून चढणं म्हणजे घामाला आमंत्रण. अरुंद टोकापासून गुंडाळून बॅगेत ठेवा आणि चर्चगेटला उतरल्यावर बांधा. रेशमावर डाग पडला तर पाण्याने घासू नका, पाण्याचं वर्तुळ डागापेक्षा ठळक उरतं. फक्त टिपून घ्या आणि ड्रायक्लीनला द्या. रात्री गाठ सोडून टांगून ठेवा. गाठ तशीच ठेवून डोक्यातून काढायची सवय अनेकांना असते. त्यानेच टाय पिळवटते.

टाय-क्लिप फक्त टायला लावली तर ती निव्वळ शोभेची. शर्टची बटणपट्टी तिच्यात आली पाहिजे, वरून तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मध्ये. लांबी टायच्या रुंदीपेक्षा थोडी कमीच. आत वेस्टकोट असेल तर क्लिप नको.

कफलिंक

नेहमीच्या बटणाच्या कफला कफलिंक बसत नाही, कारण एका बाजूला काज असतं आणि दुसऱ्या बाजूला बटण. दोन्ही बाजूंना काज हवं. शर्ट शिवायला टाकताना मास्टरना ‘डबल कफ’ (दुमडून दुहेरी होणारा कफ) सांगा. तयार शर्टचं बटण काढून तिथे काज करून घेता येतं. लावताना कफच्या कडा एकमेकींवर चढवू नका, आतल्या बाजू जुळवून पकडा. कोटाच्या बाहीबाहेर शर्ट १ ते १.५ सेंटीमीटर दिसावा; बाही लांब असेल तर महागडी कफलिंक दिवसभर आतच राहते.

पॉकेट स्क्वेअर

कोटाच्या छातीवरच्या खिशातला हा रुमाल टायच्याच कापडाचा, डब्यातला जोड म्हणून घेऊ नका. टायमधला एखादा दुय्यम रंग उचला. रुमाल खिशात खाली घसरत असेल तर तो छोटा आहे, निदान ३० सेंटीमीटर चौरस हवा. नव्या ब्लेझरचा खिसा उघडतच नसेल तर तो नकली असेलच असं नाही. बऱ्याचदा कच्च्या टाक्याने बंद केलेला असतो. टोकदार कात्रीने तेवढेच टाके उसवा.

मोजे पोटरीपर्यंतचे, पँटच्या रंगाचे. कॉलरच्या टोकांतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या शर्ट इस्त्रीला देण्याआधी काढा, नाहीतर उष्णतेने त्या वाकतात आणि कॉलरवर त्यांचा ठसा उमटतो.