ओव्हरक्लॉकिंगसाठी गेमिंग पीसी: एकमेकांशी जुळणारे पार्ट कसे निवडावेत

पार्ट एकमेकांत बसतात का, हे पाहणं सोपं आहे. सॉकेट जुळलं, खाच जुळली, केबल पोचली की काम झालं. ओव्हरक्लॉक करणाऱ्याचं तेवढ्यावर भागत नाही. त्याला तेच पार्ट कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर, भर मे महिन्यात, चार-चार तास सलग चालवायचे असतात. दुकानात ‘साहेब, चालून जाईल’ असं सांगतात, ते फक्त बसण्याबद्दल असतं. मी स्वतःसाठी, भाच्यांसाठी आणि ऑफिसातल्या मित्रांसाठी बरेच पीसी जुळवले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, घोळ जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी होतो: रॅमपाशी. म्हणून रॅमवर सविस्तर लिहिलं आहे आणि बाकीचं भराभर उरकलं आहे.

१. प्रोसेसर आणि चिपसेट एकत्रच ठरवा

इंटेल घेणार असाल तर दोन गोष्टी हव्यातच: प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘के’ आणि मदरबोर्डचा चिपसेट (बोर्डची मुख्य नियंत्रक चिप) ‘झेड’ मालिकेतला. ‘के’चा प्रोसेसर बी७६० बोर्डवर बसेल, सुरूही होईल, पण त्याचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) वाढवता येणार नाही. ‘के’साठी मोजलेले जास्तीचे पैसे वाया.

एएमडीच्या एएम५ सॉकेटवर बी६५०, बी८५०, एक्स८७० यांपैकी काहीही चालेल. ए६२० टाळा, त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. रायझन ७ ७८००एक्स३डीचा मल्टिप्लायर कुलूपबंद आहे, त्यात फक्त कर्व्ह ऑप्टिमायझरने, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून, खेळता येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला ९८००एक्स३डी मात्र पूर्ण खुला आहे. आज कुणी विचारलं तर मी एएम५च सांगतो, कारण त्या सॉकेटला २०२७पर्यंत आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे. पुढचा प्रोसेसर त्याच बोर्डवर चढवायची सोय राहते.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे वरचे प्रोसेसर सेकंडहँड स्वस्तात दिसतात. ओव्हरक्लॉकिंगसाठी ते घेऊ नका. त्यांतल्या अनेकांना जास्त व्होल्टेजमुळे कायमचं नुकसान झालं होतं. इंटेलने ऑगस्ट २०२४पासून दुरुस्तीचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) दिले, पण आधीच बिघडलेली चिप त्याने बरी होत नाही. आणि बाहेरून पाहून काहीच कळत नाही.

२. मदरबोर्ड

लायटिंग बघू नका, व्हीआरएम बघा. सॉकेटच्या डावीकडे आणि वर जे जाड धातूचे हीटसिंक असतात, त्यांच्याखाली प्रोसेसरला वीज पुरवणारं सर्किट असतं, तेच व्हीआरएम. ९८००एक्स३डी जास्तीत जास्त १६२ वॉट ओढतो, त्याला मधल्या किमतीचा कुठलाही नीट बी६५० पुरतो. सोळा कोअरचा प्रोसेसर २३० वॉटपर्यंत जातो. तिथे मात्र हीटसिंक नसलेला किंवा पत्र्यासारखा पातळ असलेला बोर्ड घेऊ नका.

दुसरी अट, बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटण. रायझन ९००० मालिका ऑगस्ट २०२४मध्ये आली. त्याआधी कारखान्यातून निघालेला बी६५० दुकानाच्या फळीवर पडून असेल, तर तो हा प्रोसेसर न ओळखण्याची शक्यता असते आणि मग स्क्रीन काळीच राहते. फ्लॅशबॅक असेल तर एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) जोडायचा, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर बायोसची फाइल घ्यायची, बटण दाबायचं. प्रोसेसर, रॅम काही लागत नाही. बटण नसेल तर जुना प्रोसेसर उसना मागत फिरावं लागतं.

३. रॅम

इथे सावकाश वाचा.

रॅमच्या खोक्यावर ६००० असा वेग लिहिलेला असतो. ती हमी फक्त त्या पट्टीची आहे. रॅमला हुकूम देणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत बसलेला असतो आणि दोघांना जोडणाऱ्या तांब्याच्या रेघा मदरबोर्डवर असतात. तिघांचं जमलं तरच ६००० मिळतात. एएमडी स्वतः रायझन ९०००साठी दोन पट्ट्यांवर ५६०० सांगते आणि चार पट्ट्यांवर फक्त ३६००. रायझन ७०००ला हेच आकडे ५२०० आणि ३६०० आहेत. म्हणजे बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारी तयार सेटिंग; पहिली एएमडीची, दुसरी इंटेलची) चालू केलं की त्या क्षणी तुम्ही ओव्हरक्लॉकिंग सुरू केलेलं असतं, प्रोसेसरला हातही न लावता.

चार पट्ट्यांवर इतकी घसरण का? बोर्डवर स्लॉट चार दिसतात, पण वाटा दोनच असतात. बहुतेक बोर्डांवर एकेका वाटेवर दोन स्लॉट एकामागे एक ओवलेले असतात. एका वाटेवर एकच पट्टी असेल तर सिग्नल स्वच्छ पोचतो. दुसरी लावली की तोच सिग्नल दोघींना पुरवावा लागतो, परावर्तन होतं आणि डीडीआर५च्या (आजच्या पिढीच्या रॅमच्या) वेगाला तेवढीही गडबड सोसत नाही. दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायला सांगतात, त्याचंही कारण हेच. पहिल्या-तिसऱ्यात लावल्या तर रेघेचं पुढचं टोक मोकळं लोंबत राहतं आणि सिग्नल तिथून उलटा येतो.

हे सगळं मी पुस्तकी शिकलो नाही. माझ्याकडे १६-१६ जीबीच्या दोन पट्ट्या ६०००वर वर्षभर बिनतक्रार चालत होत्या. मग आणखी दोन घेतल्या. तीच कंपनी, तोच मॉडेल नंबर, अगदी खोक्याचा रंगही तोच. लावल्या, एक्स्पो चालू केलं, विंडोज नीट उघडलं. मी खूश. चाळीसेक मिनिटांनी गेम आपोआप बंद पडून डेस्कटॉप समोर आला. दुसऱ्या दिवशी दोन तास काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी एक मोठी झिप फाइल उलगडताना ती खराब असल्याचा निरोप आला. तीच फाइल पुन्हा उलगडली तर नीट उलगडली.

त्या झिप फाइलने सगळं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ग्राफिक्स कार्डवर संशय घेतला, ड्रायव्हर पुसून पुन्हा टाकले, विंडोज दोनदा नव्याने घातलं, शेवटी नवा एसएमपीएसही घेतला. अडीच महिने गेले. मग एका रात्री सीपीयू-झेड हे पार्टची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून एकेका स्लॉटची माहिती वाचली, तेव्हा दिसलं की जुन्या जोडीवर एका कंपनीच्या चिप आहेत आणि नव्या जोडीवर दुसऱ्याच. मॉडेल नंबर तोच ठेवून आतल्या चिप बदलल्या जातात, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. चारही पट्ट्या मेमटेस्टमध्ये (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पास व्हायला वेग ४८००वर उतरवावा लागला. शेवटी चारही विकून ३२-३२ची एक जोडी घेतली. त्या रात्रीपासून आजपर्यंत तो पीसी एकदाही आपोआप बंद पडलेला नाही.

म्हणून ‘आत्ता दोन घे, पुढे दोन वाढव’ हा सल्ला एएम५वर गेम खेळणाऱ्याला कुणी दिला तर तो ऐकू नका. शेवटी जेवढी रॅम हवी तेवढी आजच, एकाच खोक्यातल्या दोन पट्ट्यांत घ्या: ३२ जीबी हवी तर १६ गुणिले २, ६४ हवी तर ३२ गुणिले २. एका खोक्यातल्या पट्ट्या एकमेकींबरोबर तपासलेल्या असतात. दोन वेगळी खोकी कधीच एकत्र तपासलेली नसतात.

वेग किती घ्यावा? एएम५वर ६०००, सीएल३० (सीएल म्हणजे हुकमानंतर पट्टी उत्तर द्यायला घेते तेवढे ठोके), पुढे बघूच नका. सीएलला वेगाने भागून २०००ने गुणलं की नॅनोसेकंद मिळतात. ६००० सीएल३० म्हणजे १०. ६००० सीएल४० म्हणजे १३.३. ६४०० सीएल३२चं उत्तर पुन्हा १०च येतं, मग जादा पैसे कशाला? ७२००च्या पट्ट्या आकड्याने भुलवतात, पण ६०००-६४००च्या पुढे रायझनचा मेमरी कंट्रोलर रॅमच्या निम्म्या गतीवर उतरतो आणि गेममध्ये कमावलेलं तिथेच गमावतो. इंटेलवर हा हिशोब वेगळा आहे, तिथे वरच्या वेगांना अर्थ आहे.

मदरबोर्डच्या साइटवर तपासलेल्या रॅमची यादी असते. लोक ती उघडतात, कंपनीचं नाव दिसलं की बंद करतात. तसं नाही चालत. आधी आपल्या प्रोसेसरच्या मालिकेची यादी निवडा. मग मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. एका अक्षराच्या फरकाने एक्स्पोऐवजी एक्सएमपीची पट्टी हातात येते. मग किती पट्ट्यांवर तपासली तो रकाना पाहा. यादीत नसलेली रॅम चालणारच नाही असं नाही, पण पहिल्यांदाच जुळवत असाल तर यादीबाहेर जाऊ नका.

एक्स्पो चालू करण्याआधी बायोस अद्ययावत करा, हे मी हात जोडून सांगतो. एप्रिल २०२३मध्ये एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याचे प्रकार समोर आले, कारण काही बोर्ड एक्स्पो चालू होताच एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) फार वर नेत होते. त्यानंतर एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली. ती जुन्या बायोसमध्ये नाही.

पट्टी बसवताना अनेक बोर्डांवर एकाच टोकाला खीळ असते. दुसरं टोक आधी पूर्ण आत जाऊ द्या, मग खिळीच्या बाजूला दाबा, ‘खट्’ आवाज यायला हवा. पहिल्यांदा सुरू केल्यावर स्क्रीन काळी राहते आणि बोर्डवरचा डीरॅमचा (म्हणजे रॅमचा) दिवा पेटलेला दिसतो. बोर्ड रॅमची पारख करत असतो. दहा-पंधरा मिनिटं स्विचला हात लावू नका. घाबरून मधेच बंद केलं तर ते सगळं पुन्हा पहिल्यापासून.

विंडोज टाकण्याआधी मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही चूक निघता कामा नये. ‘एखादीच आहे’ असं म्हणून सोडून देऊ नका. माझी खराब झालेली झिप फाइल तसल्याच एखाद्या चुकीतून आली होती. आणि हे रिप्लेसमेंटची मुदत असतानाच करा, कपाटात खोकी महिनाभर साठवून नंतर नव्हे.

४. कूलर

परदेशी चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. पुण्यात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, अकोल्या-नागपुरात पंचेचाळीस. खोली दहा अंश तापली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच तापतो. चाचणीत ७८ दाखवणारा कूलर आपल्याकडे नव्वदीच्या आसपास जातो आणि ओव्हरक्लॉकला जागाच उरत नाही. एक पायरी वरचा कूलर घ्या. एअर कूलर असेल तर उंची कॅबिनेटच्या मापाशी ताडून पाहा आणि पहिला पंखा रॅमवर येत असेल तर रॅमच्या पट्टीची उंचीही. एएमडीच्या आधीच्या एएम४ सॉकेटचे कूलर बोर्डची मूळ बॅकप्लेट (मागची आधारपट्टी) वापरत असतील तर एएम५वर बसतात.

५. ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, कॅबिनेट

कार्डची लांबी आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजून घ्या, पुढे लिक्विड कूलरचा रेडिएटर असेल तर त्याची जाडी वजा करून. एसएसडीसाठीचा कुठला एम.२ स्लॉट वापरल्यावर ग्राफिक्स कार्डच्या लेन (डेटाच्या वाटा) कमी होतात ते मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये वाचा. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या. काचेचा दरवाजा पुढे लावलेली कॅबिनेटं आपल्या हवेत निरुपयोगी.

६. एसएमपीएस आणि घरची वीज

ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०७० टीआय असेल तर ३०० वॉट, प्रोसेसर १६२, बाकी सत्तर-ऐंशी. बेरीज साडेपाचशेच्या आत येते, तरी ७५० वॉट घ्या, कारण कार्ड क्षणभरासाठी लेबलापेक्षा बरंच जास्त ओढतं. एटीएक्स ३.१ (एसएमपीएसचं नवं मानक) आणि १२व्ही-२x६ची (ग्राफिक्स कार्डला वीज देणारी) केबल असलेला घ्या. ८० प्लस गोल्ड हा कार्यक्षमतेचा शिक्का आहे, टिकाऊपणाचा नाही. जुन्या मॉड्युलर एसएमपीएसची केबल नव्याला कधीही लावू नका. टोक बसतं, पण आतली जोडणी प्रत्येक मॉडेलची वेगळी असू शकते, आणि मग एसएसडी जळते.

घरातला यूपीएसही तपासा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. गेम चालू असताना लाइट गेली तर तो पीसी सांभाळण्याऐवजी स्वतःच बंद पडेल. आणि थ्री-पिनला खरंच अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून मोजून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन, जीएसटीच्या पक्क्या बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि रॅमच्या पट्टीवरच्या स्टिकरशी दुकानातच पडताळून पाहा. सर्व्हिस सेंटर पहिल्यांदा तोच नंबर विचारतं.