वजनकाट्यावर उभी राहताना

गरोदर बायकांच्या तपासणीच्या खोलीत वजन-रक्तदाब बघणं हे माझं काम. काट्यावर चढण्याआधी कितीजणी ओढणी, बांगड्यासुद्धा काढून ठेवतात. आकडा बघून चेहरा पडतो. "सिस्टर, किती सुटले मी!"

तर आधी हा हिशेब समजून घे. पोटात एकच बाळ असेल आणि तुझं मूळचं वजन उंचीला साजेसं असेल, तर नऊ महिन्यांत साधारण ११.५ ते १६ किलो वाढायलाच हवेत. त्यात बाळ तीनेक किलो, वार अर्धा-पाऊण किलो, गर्भजल लिटरभर, वाढलेली गर्भपिशवी किलोभर. रक्त जवळजवळ दीडपट होतं, अंगात पाणी साठतं. उरते ती चरबी, अंगावर पाजण्याच्या दिवसांसाठीची शिदोरी. घरच्यांनाही हे सांग. तरीही आकडा दिसला की दिवस खराब जात असेल, तर सिस्टरला सांगून काट्याकडे पाठ करून उभी राहा. नोंद आम्ही करतो.

"जुळी आहेत का गं?", "तोंड काळवंडलंय, मुलगाच होणार" असं बोलणारे भेटणारच. उत्तर ठरवून ठेव: "वाढ बरोबर आहे, डॉक्टरांनी सांगितलंय." सासूबाईंपुढे तुला बोलता येत नसेल, तर ते नवऱ्याने बोलायचं. म्हणून त्याला तपासणीला आत घेऊन ये. बाहेर गाडीपाशी थांबलेल्या माणसाला तुझ्या शरीरात काय चाललंय ते कळणार कसं?

वांग आणि बेंबीखालची काळी रेघ संप्रेरकांमुळे येते, बाळंतपणानंतर बहुधा फिकट होते. उन्हात सनस्क्रीन आणि छत्री वापर. पोटावरच्या ताणाच्या खुणा मात्र महागड्या क्रीमने टळत नाहीत. तेलाने खाज कमी होते, एवढंच. पुढे त्या रुपेरी होतात, पुसल्या जात नाहीत.

जुने कुर्ते वरच्या फळीवर टाक. बसतोय का म्हणून रोज चढवून बघू नकोस. आवडत्या रंगाचे दोन-तीन सैल, सुती कपडे घे.

बाळंतपणानंतर पोट लगेच आत जात नाही. गर्भपिशवीलाच पूर्ववत व्हायला सहा आठवडे लागतात. पोट बांधून चरबी कमी होत नाही. दोन-चार महिन्यांनी केस गळायला लागले तर घाबरू नकोस, बहुतेकींचे वर्षभरात परत येतात.

चेहरा एकाएकी सुजला, डोकं ठणकलं, अंधुक दिसू लागलं, तर मात्र ते लठ्ठपण समजू नकोस. त्याच दिवशी दवाखाना गाठ.

आणि मनाचं. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं, ते ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही तसंच राहिलं, किंवा गरोदरपणातच वजनाच्या धास्तीने जेवण टाळत असशील, तर डॉक्टरांना सरळ सांग, "मला माझं शरीर बघवत नाही, मी मुद्दाम कमी खाते." एवढं वाक्य पुरतं, पुढचं ते विचारतील. जीव नकोसा वाटला तर रात्री-अपरात्रीही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला १४४१६ वर फोन कर. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि त्या वेळी घरातल्या कुणाला तरी जवळ बसवून घे.