नव्या गाडीचं इंजिन अचानक बसलं? वॉरंटी हातची घालवणाऱ्या या चुका टाळा

वर्ष-दीड वर्षाची गाडी, सगळ्या सर्व्हिसिंग वेळेवर झालेल्या, आणि खंबाटकीच्या चढावर इंजिन खडखड करतं आणि बंद पडतं. मालक लगेच मनाची समजूत घालतो, ‘वॉरंटी आहे, कंपनी बघून घेईल.’ कंपनी बघते, पण आधी कारण बघते. बनावटीतला दोष निघाला तर इंजिन फुकट बदलून मिळतं. पाणी शिरलं, इंधनात भेसळ होती, ऑइल कमी होतं, बाहेरून वायरिंग केलं होतं, यांतलं काही लिहिलं गेलं की खर्च मालकाच्या अंगावर येतो, आणि तो सहज लाखाच्या पुढे जातो.

म्हणजे सगळा वाद ‘इंजिन का गेलं’ या एकाच प्रश्नावर येऊन थांबतो. त्याचं उत्तर देणारा पुरावा मात्र पहिल्या काही तासांतच नष्ट होतो, आणि बहुतेक वेळा तो मालकाच्याच घाईमुळे होतो. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका याच घाईतल्या आहेत.

‘नवं इंजिन असं जातच नाही’ हे ऐकून गप्प बसणं

सर्व्हिस सेंटरमध्ये पहिल्याच दिवशी असं वाक्य कानावर पडतं आणि मालकाला उगाच अपराधी वाटायला लागतं. नवी इंजिनं जातात, आणि मोठमोठ्या कंपन्यांची जातात. टोयोटाने २०२४ मध्ये अमेरिकेत टुंड्रा पिकअप आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या. कारखान्यात इंजिनचे भाग कापताना निघालेला धातूचा कीस आत राहिला होता, त्याने मेन बेअरिंग (इंजिनचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, ज्यावर फिरतो तो भाग) खराब होऊन इंजिन चालत्या गाडीत बंद पडू शकत होतं. जनरल मोटर्सने एप्रिल २०२५ मध्ये ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनासाठी एकट्या अमेरिकेत जवळपास ६ लाख गाड्या बोलावल्या, कारण क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमध्ये (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) दोष होते. २०१५ मध्ये ह्युंदाईच्या सोनाटाचंही असंच झालं, तिथेही मूळ कारण क्रँकशाफ्टमध्ये राहिलेला धातूचा कीसच होता.

हे मॉडेल आपल्याकडे नाहीत किंवा क्वचितच दिसतात, पण बेअरिंग आणि ऑइलचं गणित सगळ्या इंजिनांत एकच असतं. ऑइलच्या बारीक वाटेत कीस अडकला की बेअरिंग कोरडं पडतं, तापतं, क्रँकशाफ्टला चिकटतं. अशा वेळी चालवणाऱ्याची काही चूक नसते.

पुन्हा पुन्हा सेल्फ मारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गाडी बंद पडली की हात आपोआप किल्लीकडे किंवा बटणाकडे जातो. बंद पडण्याआधी लाल ऑइलचा दिवा लागला असेल, तापमानाचा काटा वर गेला असेल, आतून ठोकल्यासारखा आवाज आला असेल किंवा गाडी पाण्यातून गेली असेल, तर एकदाही सेल्फ मारू नका.

यातलं काहीच झालं नसेल तर एकदा मारा आणि नीट ऐका. इंजिन नेहमीसारखं फिरतंय पण पेट घेत नाही, तर बहुधा इंधन पंप, एखादा सेन्सर किंवा इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असतो. इंजिन शाबूत असण्याची शक्यता चांगली. एकच ‘खट्’ होऊन सगळं थांबलं तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल बघा. दिवे आणि हॉर्न जोरात चालत असूनही तसंच होत असेल तर इंजिन जाम झालेलं असू शकतं. आणि इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर, विरोध नसल्यासारखं फिरलं तर टायमिंग बेल्ट किंवा चेन गेलेली असू शकते. अनेक इंजिनांत अशा वेळी पुढचा प्रत्येक सेल्फ पिस्टनवर व्हॉल्व्ह आपटवतो. त्याच कारणासाठी धक्का मारून चालू करणंही नको.

ऑइलच्या दिव्याबद्दल गैरसमज फार आहे. पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा स्थिर असेल तर गाडी जपून जवळच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत नेता येते. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा मात्र ऑइलचा दाब गेल्याचं सांगतो. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हणून काढलेले दोन किलोमीटर इंजिन संपवायला पुरतात, आणि दिवा लागूनही गाडी चालवली हे वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला एक-दोन दाबांपुरतीच मदत उरते. ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच घट्ट दाबत गाडी डावीकडे घ्या. थांबेपर्यंत किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. माणसांना गाडीत न ठेवता कठड्यापलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर मदत मिळते.

जवळच्या गॅरेजवाल्याला इंजिन उघडू देणं

हेतू चांगला असतो. रस्त्याकडेचा मेकॅनिक बोनेट उघडतो, ऑइल कमी दिसलं की लिटरभर ओततो, बॅटरी काढून परत लावतो, फिल्टर झटकतो. गाडी तरीही सुरू होत नाही, आणि एव्हाना तिच्यावरच्या तीन खुणा गेलेल्या असतात. ऑइल खरोखर किती होतं हे आता कळत नाही. बॅटरी काढल्यामुळे काही गाड्यांत कॉम्प्युटरमधली नोंद पुसली जाते. एअर फिल्टर कोरडा होता की ओला, यावर तुमचा शब्द विरुद्ध त्यांचा शब्द.

त्याऐवजी मोबाइल काढा. डॅशबोर्डवरचे पेटलेले दिवे आणि किलोमीटर एकाच फोटोत घ्या. गाडी सपाट जागेवर असेल तर इंजिन जरा थंड झाल्यावर डिपस्टिक काढून पुसा, परत घालून काढा आणि ऑइलची पातळी दिसेल असा फोटो घ्या. बोनेटखाली, गाडीच्या खाली ऑइल सांडलंय का तेही टिपा. रेडिएटरचं झाकण उघडू नका, गरम कूलंट उसळून तोंड-हात भाजतात. कूलंटच्या पांढऱ्या टाकीवर कमी-जास्तच्या रेघा असतात, त्यांचा फोटो पुरे.

मग कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करा. तिथे मिळालेला तक्रार क्रमांक ही तुमची पहिली लेखी नोंद. गाडी ऑटोमॅटिक असेल तर दोरीने टोचन करून नेऊ देऊ नका, पूर्ण गाडी वर चढवून नेणारी फ्लॅटबेडच मागवा. चाकं जमिनीवर फिरली तर गिअरबॉक्स वेगळा खराब होतो आणि तो दोष कुणाचा हा नवा वाद सुरू होतो.

जॉब कार्डवर ‘गाडी स्टार्ट होत नाही’ एवढंच लिहू देणं

सर्व्हिस ॲडव्हायजर घाईत असतो, तो चार शब्द टाइप करतो आणि सही मागतो. सही करण्याआधी वाचा. त्यात असं काहीतरी आलं पाहिजे: ‘ताशी ६० च्या वेगाने चढ चढताना आवाज येऊन इंजिन बंद पडलं, आधी दिवा लागला नव्हता, रस्त्यावर पाणी नव्हतं, मालकाने पुन्हा सेल्फ मारला नाही, इंजिन उघडण्यापूर्वी मालकाला कळवावं.’ तारीख, वेळ, किलोमीटर, टाकीतलं इंधन हे सगळं. त्यांच्या फॉर्मवर जागा नसेल तर तोच मजकूर त्याच दिवशी ईमेलने डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक कक्षाला पाठवा. पुढे ग्राहक आयोगात गेलात तर हाच कागद सगळ्यात जास्त बोलतो.

इंजिन उघडलं जाईल त्या दिवशी शक्य तर स्वतः हजर राहा. आधी स्कॅनर लावायला सांगा आणि रिपोर्टची प्रिंट मागा. बिघाडाचा कोड नोंदला गेला त्या क्षणाचा वेग, इंजिनचे फेरे आणि तापमान बऱ्याच गाड्यांत त्याच्यासोबत साठवलेलं असतं. कोड पुसले की ही माहितीही जाते, म्हणून प्रिंट आधी, बाकी सगळं नंतर.

त्यानंतर ऑइल. ड्रेन केलेलं ऑइल बादलीत ओतून फेकू देऊ नका. दोन स्वच्छ बाटल्यांत नमुने घ्या, सील करा, दोघांच्या सह्या घ्या, एक तुमच्याकडे ठेवा. ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडायला सांगा. आतल्या कागदावर चमकणारे बारीक कण दिसले तर धातू घासला गेलाय. तांबूस किंवा रुपेरी पातळ पापुद्रे दिसले तर बहुधा बेअरिंगच. ऑइल पुरेसं होतं, सर्व्हिस वेळेवर होती आणि तरी फिल्टरमध्ये बेअरिंगचा धातू आहे, अशी स्थिती असेल तर ‘चालवण्यातली चूक’ हे कारण टिकवणं कंपनीला जड जातं.

भेसळीचं कारण पुढे केलं तर टाकीतल्या इंधनाचाही सीलबंद नमुना मागा, आणि शेवटच्या दोन-तीन भरण्यांच्या पावत्या किंवा यूपीआयच्या नोंदी काढून ठेवा. तोंडी ‘पेट्रोल खराब होतं’ याला काही अर्थ नाही, तपासणीचा अहवाल दाखवा म्हणावं. पावसाळ्यात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरल्याचे प्रकार होतात हे खरं आहे, तसं निघालं तर दावा पंपावर होईल. पण तेही कागदावरच.

पाण्यातून गाडी गेली असेल तर फक्त वॉरंटीच्या भरवशावर राहणं

इथे मालकाची बाजू बरीचशी कमजोर असते, ते मान्य करून पुढे जावं. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हा बनावटीचा दोष धरला जात नाही. साध्या विमा पॉलिसीतही बुडालेल्या गाडीला सेल्फ मारून झालेलं इंजिनचं नुकसान बहुधा नाकारलं जातं; त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. मुंबई-ठाणे किंवा कोल्हापूर-सांगलीसारख्या भागात राहणाऱ्यांनी ते घ्यावंच, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि विमा कंपनीला इंजिन उघडण्याआधी कळवा. वॉरंटी नाकारल्यावर महिन्याभराने कळवलं तर सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा) काय पाहणार?

‘गाडीच बदलून द्या’ एवढीच मागणी धरून बसणं

राग समजण्यासारखा आहे. पण भारतात सदोष नवी गाडी आपोआप बदलून देणारा वेगळा कायदा नाही. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग बदलण्याची हमी असेल तर त्यातून पूर्ण गाडी बदलण्याचा हक्क निघत नाही. तक्रारीत म्हणून मागण्या पायरीने लिहा: नवं इंजिन, त्यावर लेखी वॉरंटी, गाडी उभी राहिली त्या काळातला खर्च आणि भरपाई; आणि बनावटीचा मूळ दोष सिद्ध झाला तर गाडी बदलून किंवा किंमत परत. ‘इंजिन उघडून दुरुस्त’ आणि ‘नवं इंजिन’ यांत फरक आहे, काय बसवलं ते लेखी घ्या.

नकार मिळाला तर तोही लेखी मागा, कारणासकट. डीलर ‘कंपनीने नाकारलं’ म्हणतो, कंपनी ‘डीलरशी बोला’ म्हणते; तक्रार दोघांविरुद्ध करायची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, पुष्कळ प्रकरणं तिथेच हलतात. नाही हललं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रार होते. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात ती करता येते, गाडी कुठूनही घेतली असो. ५ लाखांपर्यंत फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ‘बघतो, कळवतो’ यात ती संपू देऊ नका. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तशी विनंती अर्जात करा. तेव्हाच जुने भाग आणि सीलबंद नमुने उपयोगी पडतात.

गाडीच्या चासी क्रमांकावर रिकॉल (दोषामुळे गाड्या परत बोलावणं) आहे का तेही कंपनीच्या वेबसाइटवर पाहा. तुमच्याच मॉडेलच्या इतर मालकांना हाच त्रास होत असेल तर सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर सात वर्षांच्या आतल्या गाडीच्या दोषाची तक्रार नोंदवता येते. पुरेशा तक्रारी आल्या तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं.

नवं इंजिन बसवलं की फाइल बंद करणं

पूर्ण इंजिन किंवा ब्लॉक बदलला की इंजिनवरचा क्रमांक बदलतो, आणि आरसी बुकात जुनाच राहतो. मोटार वाहन कायद्यानुसार हा बदल १४ दिवसांत आरटीओला कळवायचा असतो. डीलरकडून नव्या इंजिनचं बिल आणि बदलाचं पत्र घ्या, कर्ज असेल तर बँकेची संमती घ्या, आरसीवर नोंद करून घ्या आणि मग विमा पॉलिसीतही तो क्रमांक बदलून घ्या. हे राहून गेलं तर पुढच्या अपघाताच्या दाव्यात सर्व्हेअर इंजिनवरचा क्रमांक पाहतो, पॉलिसीवरचा पाहतो आणि फाइल बाजूला ठेवतो. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईकही तेच करतं.