फर्स्ट इयरला करमत नाहीये? ज्युनिअर आणि मेंटॉर, दोघांनीही या चुका टाळा

मी आर्वीची. बारावीपर्यंत घराबाहेर रात्र काढली असेल तर ती मामाकडे, आणि मग एकदम नागपूर, हिंगणा रोडकडे इंजिनिअरिंग, पीजीत तिघींची रूम आणि त्यातल्या दोघी आधीपासूनच्या मैत्रिणी. पहिला दीड महिना मी काय केलं सांगू? कॉलेज सुटलं की लोकमान्य नगरला मेट्रोत बसायचं, सीताबर्डीला उतरायचं, बर्डीच्या मेन रोडवर काही न घेता एक चक्कर मारायची आणि परत. आईचा फोन आला की सांगायचं, हाव, मैत्रिणींसोबत बर्डीला आली होती. मैत्रिणी कोण, तर कोणीच नाही.

पुढे थर्ड इयरला मीच मेंटॉर झाले, सहा ज्युनिअर माझ्याकडे आले, आणि तिथे मी वेगळ्या चुका केल्या. त्यामुळे खाली लिहिलंय त्यातलं निम्मं ज्युनिअर म्हणून केलेलं आणि निम्मं सिनिअर म्हणून.

करमत नाही म्हणजे कॉलेजच चुकलं, असं धरून बसणं

ही सगळ्यात मोठी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोक्यात सुरू होतं की ब्रांच चुकली, अ‍ॅडमिशनच्या कॅप राऊंडला तो दुसरा ऑप्शन वर टाकायला पाहिजे होता, आपण इथले नाहीच. आणि पुरावा काय, तर बाकी सगळ्यांचे ग्रुप झालेत, आपलाच नाही झाला.

आता जरा नीट बघा ते ग्रुप कोणाचे आहेत. कॅन्टीनसमोर जे सहा-सात जण खिदळत उभे असतात ना, ते बहुतेक नागपूरचेच असतात, अकरावी-बारावी एका कॉलेजात नाहीतर एका क्लासला केलेली. ते महिन्याभरात जमलेले नाहीत, ते जमूनच आलेत. तुम्ही उमरेडहून, गोंदियाहून, पुसदहून एकटे येऊन त्यांच्याशी बरोबरी करताय. मला हे कळायला सेकंड इयर उजाडलं, आणि कोणी पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं तर बर्डीच्या बऱ्याच चकरा वाचल्या असत्या.

हे असं कोणीतरी आधी सांगण्यानं खरंच फरक पडतो बरं का. वॉल्टन आणि कोहेन या दोन मानसशास्त्रज्ञांचा अमेरिकेतल्या एका कॉलेजातला प्रयोग आहे, 2011 साली सायन्स या जर्नलमध्ये छापून आलेला. फर्स्ट इयरच्या पोरांना त्यांनी सिनिअर्सचे अनुभव वाचायला दिले, सगळ्यांचा सूर एकच, की सुरुवातीला आम्हालाही वाटलं आपण इथले नाही, मग हळूहळू गेलं ते. त्यावर पोरांनी स्वतःचं लिहायचं आणि पुढच्या बॅचला सांगतोय असं समजून कॅमेऱ्यासमोर बोलायचं, सगळं मिळून तासाभराचं काम. पुढची तीन वर्षं मार्क बघितले तर कृष्णवर्णीय पोरांचे ग्रेड वर गेले होते आणि गोऱ्या पोरांशी असलेलं अंतर जवळपास निम्मं झालं होतं. मजा म्हणजे कॉलेज संपताना बऱ्याच जणांना तो तास धड आठवतही नव्हता. म्हणजे उपदेशाचा जोर नव्हता तो, फक्त "हे तुझ्या एकट्याचं नाही" एवढं वेळेवर कळलं.

दर शुक्रवारी गणेशपेठ

शेवटचं प्रॅक्टिकल संपलं की बॅग उचलायची, गणेशपेठ स्टँडवरून एसटी पकडायची, रविवारी रात्री धुतलेले कपडे आणि आईनं दिलेला चिवड्याचा डबा घेऊन परत. मी पण केलं. घर कोणाला नको असतं, पण प्रॉब्लेम असा की ओळखी लेक्चरमध्ये होतच नाहीत, तिथे सगळे पुढे तोंड करून बसलेले असतात. ओळखी होतात शनिवारी सकाळी तर्री पोहे खाताना, ड्रॉईंगची शीट रूमवर बसून पूर्ण करताना, फुटाळा तलावावर उगाच बसल्यावर. आणि सोमवारी सगळे ज्या गोष्टीवर हसत असतात तेव्हा तुम्ही नेमके गावी होता.

घरी जाऊच नका असं मी कोणाला सांगणार नाही, सुरुवातीला फार तुटल्यासारखं वाटत असेल तर खुशाल जा. पण दोन आठवड्यांत एकदा जा, आणि जो शनिवार राहाल त्याचं काहीतरी आधीच ठरवून ठेवा, नाहीतर रूमवर पंख्याकडे बघत दिवस जातो आणि त्यापेक्षा घर बरं होतं असंच वाटतं.

एक वर्ष पोळ्याला माझ्या सहापैकी चौघं थांबले होते, गावी पोळा म्हणजे मोठा सण, तरी थांबले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मारबत बघायला इतवारीत घेऊन गेले. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे वाईट ते सगळं घेऊन जावं म्हणून मिरवत नेतात ते मोठे पुतळे, सोबतचे ते बडगे, म्हणजे तसेच पुरुषी पुतळे, ती गर्दी, आणि लोक ओरडून राहिले, इडा पीडा घेऊन जा गे मारबत! तोपर्यंत तोंडातून शब्द न काढलेला एक पोरगा मागून एकदम ओरडला, "एम-वन घेऊन जा गे मारबत!" एम-वन म्हणजे फर्स्ट इयरचं मॅथ्स. बाजूचे अनोळखी लोक पण हसले. त्या दिवसानंतर त्याला बोलायला लावावं लागलं नाही, गप्प करावं लागायचं.

मेंटॉरला "सगळं ठीक आहे ताई" म्हणणं

माझ्या सहांमधली एक पोरगी, भंडारा साइडची. तीन आठवडे मी विचारायची, कसं चाललंय, आणि उत्तर ठरलेलं, सगळं ठीक ताई. मी पण खूश, की चला, हिचं टेन्शन नाही. मग एकदा लंच ब्रेकमध्ये गाडी काढायला पार्किंगला गेले तर ही बाई टीन शेडखाली कोणाच्या तरी अ‍ॅक्टिव्हावर बसून मांडीवर डबा घेऊन खात होती. एकटी. मला बघून झाकणच लावलं पटकन. मी काही बोलले नाही, बाजूच्या गाडीवर बसले आणि म्हटलं काय आहे डब्यात? वांग्याची भाजी होती, मेसचीच, पाण्यासारखी. खाल्ली दोघींनी.

कॅन्टीनमध्ये का जात नाही, तर म्हणे कुठल्या टेबलावर बसू ते कळत नाही. इतकंच होतं. त्याला काउन्सेलिंग नको होतं, चार दिवस कोणीतरी सोबत टेबलापर्यंत जायला पाहिजे होतं.

तर ज्युनिअर लोकहो, मेंटॉरला फक्त नोट्स आणि मागच्या सेशनलचे, म्हणजे कॉलेजच्या मधल्या परीक्षांचे, पेपर मागू नका, ते कोणीही देईल. त्याला असली बारीक आणि लाजिरवाणी वाटणारी गोष्ट सांगा. सुरुवात जमत नसेल तर एकच वाक्य टाइप करा, "दुपारी कोणासोबत जेवायचं ते कळत नाहीये." सिनिअर हसणार नाही, त्याचंही कधीतरी तसंच झालेलं असतं.

आणि आता मेंटॉर लोक, तुमचं काय चाललंय

ग्रुप बनवला, "काही लागलं तर बिनधास्त सांगा" टाकलं, वर दोन स्मायली, झालं मेंटॉरिंग. काही लागलं तर कोणीच सांगत नाही रे, चाळीस जणांच्या ग्रुपवर तर नाहीच नाही. यूजीसीच्या 2009 च्या अँटी-रॅगिंग रेग्युलेशनमध्येच मेंटॉरिंग सेल लिहिलेला आहे, स्वतःहून पुढे आलेले विद्यार्थी मेंटॉर आणि एका मेंटॉरमागे सहा फ्रेशर. सहाच. त्यामागे अक्कल आहे, सहा जणांची नावं, गावं आणि कोण कुठे राहतं हे लक्षात राहतं, चाळीसांचं नाही राहत. तुमच्या कॉलेजात असं काही दिसत नसेल तर विचारा तरी, कागदावर असेल, आणि नसेल तर चार सिनिअर मिळून अशीच वाटणी करून घ्या, त्याला कोणाची परमिशन लागत नाही.

"कसं चाललंय" हा प्रश्न बंद करा. "काल दुपारी डबा कोणासोबत खाल्ला?" विचारा. "शनिवारी काय केलं?" विचारा. या दोन उत्तरांत सगळं कळतं.

दुसरं, पहिल्या भेटीला स्वतःचा सीजीपीए आणि प्लेसमेंटची कथा सांगू नका. मी सांगितली होती, इंटर्नशिपसकट, आणि सहाच्या सहा चेहरे पडले. पुढच्या भेटीला सांगितलं की फर्स्ट इयरला माझा ग्राफिक्समध्ये बॅक लागला होता आणि मी मेट्रोत बसून टाइमपास करायची, तेव्हा कुठे एकेक जण बोलायला लागला.

आणि झेपेल तेवढंच घ्या. एखादा जेवतच नाहीये, झोपत नाही, जीव नकोसा झालाय असं बोलतोय, तर रात्री दोनपर्यंत चॅट करून तुम्ही त्याला सावरणार नाही. त्याला एकट्याला सोडू नका, घरच्यांना किंवा भरवशाच्या सरांना-मॅडमना त्याच दिवशी सांगा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर त्याच्यासोबत बसून लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. "कोणाला सांगणार नाही" असं वचन अशा वेळी देऊ नका.

"इंट्रो" आणि रॅगिंग यातला घोळ

आपलं व्हायचं म्हणून काहीही सहन करणारे पोरं असतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. नाव-गाव विचारणं, चहा पाजणं ठीक. रात्री रूमवर बोलावणं, नाचायला लावणं, स्वतःची जर्नल लिहून घेणं, सिनिअरच्या ग्रुपवर शिव्या देणं, हे मेंटॉरिंग नाही. महाराष्ट्रात 1999 पासून यासाठी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. यूजीसीची हेल्पलाइन 1800-180-5522, चोवीस तास. नंबर सेव्ह करा आणि पुढे चला.

मेंटॉर रिप्लायच देत नाही, किंवा जमतच नाही

एक-दोन मेसेज करून बघा, सेशनलच्या आठवड्यात सगळेच गायब असतात. मग सरळ डिपार्टमेंटला जाऊन भेटा, समोर उभं राहिलं की टाळता येत नाही. तरीही काही नाही तर बदलून मागा, यात अपमान-बिपमान काही नसतो, दोघांचं जमलं नाही एवढंच. माझ्याकडून एकीनं बदलून घेतलं होतं, तोंडावर सांगितलं, ताई तुम्ही फार बोलता. दोन दिवस राग आला मला, तिसऱ्या दिवशी पण होताच थोडा. मग सेमच्या शेवटी बघितलं तर ती तिच्या नव्या मेंटॉरसोबत कॅन्टीनच्या पायरीवर बसली होती, दोघी एक शब्द न बोलता एका प्लेटमधला समोसा खात होत्या.