गोळ्या बंद करण्याआधी

डोकेदुखीवर वारंवार घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थांबवायच्या, तर आधी डायरी. त्यात गोळ्या किती ते नको, महिन्यातल्या किती दिवशी गोळी घेतली ते लिहा. साधं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन महिन्याला १५ दिवस, किंवा ट्रिप्टान (खास मायग्रेनची गोळी), ओपिऑइड (अफूच्या वर्गातलं वेदनाशामक), मिश्र वेदनाशामक (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) १० दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल आणि डोकं निम्म्याहून जास्त दिवस दुखत असेल, तर गोळीच डोकेदुखी वाढवत असण्याची शक्यता मोठी.

या मोजणीत सर्दीची गोळी धरा. कंबरेची धरा. पाळीतली धरा. मागच्या खेपेला माझं मुसळ केरात गेलं ते इथेच: मायग्रेनची गोळी कटाक्षाने बंद, आणि सर्दीवरची बिनदिक्कत चालू. पाकीट उलटं करा, चंदेरी पत्र्यावरचं बारीक अक्षर उजेडात धरून वाचा. मोठ्या नावाखाली पॅरासिटामॉल निघतं, कधी जोडीला कॅफीनही. कशासाठी गिळली याने काही फरक पडत नाही. मोजा.

पाणी, झोप, जेवणाच्या वेळा: ठाऊक आहेच, पुढे चला.

डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी पाकिटं न्या, हो, सर्दीचीसुद्धा. दमा असेल तर आधीच सांगा, डोकेदुखी टाळायला रोज देतात त्या प्रतिबंधक औषधांपैकी प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. मूल होण्याचा विचार असेल तर टोपिरामेट या दुसऱ्या प्रतिबंधक औषधाचा विषय काढा, ते गर्भाला घातक ठरू शकतं. ओपिऑइड किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर मनाने एकदम बंद करू नका. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवतात. साध्या वेदनाशामक आणि ट्रिप्टान बहुधा एकदम थांबवतात, पण तेही विचारूनच.

तारीख ठरवताना परीक्षा, लग्न, प्रवास टाळा. बंद केल्यावर साधारण २ ते १० दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, झोप उडते. उलटीचं औषध आणि मधल्या काळासाठी काय घ्यायचं ते आधीच लिहून घ्या. रात्री दोन वाजता कुणाला विचारणार? घरच्यांनाही बजावून ठेवा, नाहीतर कुणीतरी मायेने म्हणेल, "अंग दुखतंय ना, ही घे, डोक्याची नाहीये." तीही मोजणीतलीच.

प्रतिबंधक औषधाला दोन-तीन महिने द्या, तिसऱ्या आठवड्यात वैतागून सोडू नका. डायरी चालू. गोळीचे दिवस आठवड्याला दोनपर्यंत. फेरतपासणी. क्षणात शिगेला पोचणारी डोकेदुखी, तापाबरोबर आखडलेली मान, लुळा हात, अडखळती वाचा यांपैकी काहीही झालं तर थेट रुग्णालय.