जुन्या पंपाच्या जागेची सफाई: या चुका टाळा

पेट्रोल पंप बंद झाला, टाक्या उपसून काढल्या, खड्ड्यात मुरूम भरला आणि जागा दुकानगाळ्यांसाठी विकली. नव्या मालकाने बोअर मारली, तर पाण्याला पेट्रोलचा वास. अशा जागांवर सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे पावसाळ्यात तपासणी करून जमीन स्वच्छ झाली असं धरून चालणं.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण पाऊण किलो. ते मुरत मुरत भूजलापर्यंत पोचतं आणि त्यावर तरंगत पसरतं. पण आपल्याकडे भूजलाची पातळी एका जागी राहत नाही. मे महिन्यात विहिरी तळ गाठतात, पावसात पुन्हा भरतात. पाणी उतरतं तसं पेट्रोलही खाली जातं आणि वाटेतला सगळा मुरूम माखून ठेवतं. पाणी चढलं की ते मुरमात आणि कातळाच्या भेगांत पाण्याखाली अडकून बसतं. म्हणून सप्टेंबरात तपासणीच्या बोअरमध्ये तवंग दिसत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात तो परत येतो. निदान एक पूर्ण वर्ष, दोन्ही ऋतू धरून, मोजमाप घ्याच.

तवंग कधीच दिसत नसेल, तर बोअरचा पाइप तपासा. छिद्रांचा भाग पूर्ण पाण्याखाली असेल, तर वर तरंगणारं पेट्रोल आत येणार कुठून? छिद्रं उन्हाळी पातळीच्या खालपासून पावसाळी पातळीच्या वरपर्यंत हवीत.

जमिनीचा उतार पाहून भूजलाची दिशाही ठरवू नका. बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, पाणी भेगांच्या वाटेने जातं. वरच्या अंगाच्या विहिरींचंही पाणी तपासून घ्या.

नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्धवट भरून नेला, तर पेट्रोलमधलं बेंझिन हे रसायन वाटेतच उडून जातं आणि अहवाल खोटा दिलासा देतो. काचेची छोटी बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरा आणि बर्फात ठेवून पाठवा. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची बेंझिनची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. बेंझिनने कर्करोग होतो, आणि ही मर्यादा ओलांडलेली नाकाला कळत नाही. वास गेला म्हणून पाणी प्यायला सुरुवात करू नका.

आता उपायांकडे. साबणाचं पाणी ओतलं की अडकलेलं तेल सुटून आणखी लांब जातं. जिवाणूंची पावडर विकणारे भेटतात, पण तेल खाणारे जिवाणू मातीत बहुधा असतातच. त्यांना कमी पडतो तो प्राणवायू. एक ग्रॅम पेट्रोल पचवायला तीनेक ग्रॅम प्राणवायू लागतो आणि लिटरभर पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. म्हणून हवा खाली पोचवावी लागते. मात्र नुसती हवा सोडली, तर वाफ शेजारच्या तळघरात शिरते. वाफ ओढून घेणारी यंत्रणा सोबत हवीच.

जोरात उपसा केला तर पातळी पडून पेट्रोल आणखी खोल माखतं. तवंग हळूहळू काढा. उपसा बंद केल्यावर काही महिन्यांनी पाण्यातलं पेट्रोलचं प्रमाण पुन्हा वाढलं, तर बहुतेक वेळा गळतीचा उगम तसाच राहिलेला असतो. टाकी निघते, पण टाकीपासून पेट्रोल भरायच्या यंत्रापर्यंतचे जुने पाइप काँक्रीटखाली विसरले जातात. त्यांच्याभोवतीची माती आधी काढा, आणि ती शेताच्या बांधावर किंवा भरावात टाकू नका. अशी माती घातक कचरा ठरू शकते. तपासणी करून ती तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या अधिकृत केंद्रात पाठवा.

हे सगळं सुरू करण्याआधी विहिरीच्या तोंडाशी वायुमापक धरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते. ठिणगी उडू शकणारी साधी मोटर सोडू नका, आणि गाळ काढायला माणूस मुळीच उतरवू नका.