कोकणात घर बांधताय? आधी एक पावसाळा जागा बघा

मी चिपळूण आणि आजूबाजूच्या गावांतल्या घरांचे नकाशे काढते, कामावर देखरेखही करते. माझ्याकडे येणारी बरीच मंडळी मुंबई-पुण्याची असतात. गावाला वाडवडिलांची जागा आहे, तिथे मनासारखं घर हवंय. मोबाइलमध्ये घरांचे फोटो जमवलेले असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, ‘स्क्वेअर फुटाला काय पडेल?’ मी आधी वेगळंच विचारते. जागा पावसाळ्यात पाहिलीय का? बहुतेकांनी ती मे महिन्यात, आंब्याच्या सुट्टीत पाहिलेली असते. मे महिन्यात कोकणातली कुठलीही जागा घर बांधायला चांगलीच वाटते.

म्हणून माझा पहिला आग्रह हाच की नकाशा काढण्याआधी एक पावसाळा त्या जागेला द्या. जुलैत चांगला धो धो पाऊस लागलेला असताना छत्री घेऊन जागेवर उभे राहा. वरच्या अंगाने पाणी कुठून येतं, आपल्या जागेतून कसं जातं, कुठे साचतं आणि खाली कोणाच्या बागेत उतरतं, हे कागदावर खुणा करून ठेवा. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा, गवताने झाकलेला पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, पावसात जिवंत होतो. त्याच्यावर घर बांधायचं नाही, भराव टाकून तो बुजवायचाही नाही. पाणी आपली वाट सोडत नाही. जिथून ते जातं तिथे तुमचं गटार, परसबाग, फार तर गाडी लावायची जागा येऊ दे.

नदीच्या किंवा खाडीच्या बाजूची जागा असेल तर शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, २००५च्या जुलैत आणि २२ जुलै २०२१ला पाणी कुठवर आलं होतं. चिपळुणात आजही लोक भिंतीवर हात ठेवून सांगतात, ‘इथवर.’ ती खूण तुमच्या जोत्याची उंची ठरवते. पाणी गुडघ्याएवढं आलं असेल तर जोतं त्याच्या वर किमान दीड फूट न्या. माणूसभर आलं असेल तर नुसतं जोतं उचलून भागणार नाही. खाली मोकळे कॉलम ठेवून राहण्याच्या खोल्या वर घ्याव्या लागतील, विजेचा बोर्ड आणि मीटरही वरच. पुराची भीती नसलेल्या जागेतसुद्धा अंगणापासून दोन फूट जोतं मी कमी करू देत नाही.

डोंगरउताराची जागा असेल तर जास्त सांभाळा. सपाटी हवी म्हणून जेसीबीने मागचा डोंगर उभा कापतात आणि त्या कापाला लागून स्वयंपाकघर काढतात. हे करू नका. महाडजवळच्या तळिये गावावर २०२१ साली दरड कोसळली आणि वाडीच्या वाडी गेली, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. उतार कापायचाच तर टप्प्याटप्प्याने कापा, वरचं पाणी अडवून बाजूला नेणारा चर आधी खणा, आणि जितका उंच काप तितकं तरी अंतर घरापासून मोकळं सोडा. त्याहून बरं म्हणजे घरच उताराप्रमाणे दोन पातळ्यांवर बसवणं. चार पायऱ्या वाढतात, पण डोंगर जागेवर राहतो.

छपराच्या पाण्याचाही हिशोब आताच करा. हजार स्क्वेअर फुटांच्या छपरावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि आपल्याकडे तो काही नवलाचा नाही, तर सुमारे ९,३०० लिटर पाणी खाली येतं. जवळपास एक टँकर. हे पाणी पागोळीने पायाशीच पडत राहिलं तर भिंती ओल धरणारच. छप्पर भिंतीच्या बाहेर तीन फूट काढा, पागोळीखाली दगडी किंवा काँक्रीटची पन्हळ द्या आणि ती थेट विहिरीच्या बाजूच्या शोषखड्ड्याकडे न्या. एप्रिलात विहिरीला त्याचा उपयोग होतो.

आता वारा आणि ऊन. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून तिरका येतो. पश्चिम आणि दक्षिण-पश्चिम भिंत तो झोडपतो आणि उन्हाळ्यात दुपारनंतरचं कडक ऊनही पश्चिमेलाच लागतं. म्हणून जुन्या घरांना त्या अंगाला पडवी असायची. ती नुसती शोभेची नव्हती. पश्चिमेला पडवी, जिना, न्हाणीघर, कोठीची खोली ठेवा. झोपायच्या खोल्या आणि कपड्यांची कपाटं त्या भिंतीला टेकवू नका, श्रावणात बुरशी धरते. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भरदुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो. ‘उत्तरेला ऊन येत नाही’ म्हणून तिकडच्या खिडक्यांचे छज्जे वाचवू नका. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे बराच उतरतो आणि दक्षिणेच्या ओटीवर सकाळी वाळवण टाकायला, म्हाताऱ्या माणसांना बसायला छान ऊन मिळतं.

वास्तुशास्त्राबद्दल विचाराल तर ज्या दोन-तीन गोष्टी तुम्हाला अजिबात सोडायच्या नाहीत त्या मला पहिल्याच दिवशी सांगा. देवघर पूर्वेला, स्वयंपाकघर आग्नेयेला, एवढं बहुतेक वेळा सहज बसतं. उलट पश्चिमेच्या वाऱ्यावर चुलीचा धूर घराबाहेरच जातो. नकाशा पक्का झाल्यावर कोणीतरी येऊन भिंती फिरवायला सांगतं, त्याने मात्र सगळंच बिघडतं.

गणपतीत सगळे जमतात, तेव्हाच ठरवा

भाद्रपदात घरचे सगळे गावाला असतात. त्या दिवसांत एकदा पान उचलल्यावर वही घेऊन बसा. किती खोल्या हव्यात हा प्रश्न बाजूला ठेवा. दिवस कसा जातो ते लिहा. सकाळी पहिला कोण उठतो, आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं की गीझरवर, ओले कपडे जुलैत कुठे वाळतात, फणस कुठे फोडतात, आमसुलं कुठे वाळत घालतात, आंब्याच्या पेट्या कुठे रचतात, गणपती कुठे बसतो, आरतीला किती माणसं उभी राहतात. शिमग्यात पालखी अंगणात नाचणार असेल तर फाटक आणि खळं तेवढं मोकळं लागतं. मधोमध तुळशीवृंदावन आणि बाजूला गाडीची शेड असं काढून ठेवलंत तर पालखी फिरणार कुठे?

हे लिहून झालं की घराचा आकार आपोआप दिसायला लागतो. अशा याद्यांमधून माझ्याकडे एक गोष्ट वारंवार पुढे येते. मोठ्या हॉलपेक्षा रुंद ओटी आणि मागची झाकलेली पडवी घराला जास्त उपयोगी पडते. मागची पडवी आठ फूट रुंद करा. पावसाळ्याचे चार महिने बायकांचं अर्धं काम तिथेच होतं, आणि नेमकी तीच नकाशात सगळ्यात आधी कापली जाते. ती कापू देऊ नका. आई किंवा सासूबाई असतील तर तळमजल्यावर एक खोली आणि तिला लागूनच संडास-बाथरूम हवं. त्याचं दार तीन फुटी करा, उद्या व्हीलचेअर किंवा वॉकर लागला तर अडायला नको.

फक्की मारून घर उभं करा

नकाशा कागदावर आला की सही करायची घाई करू नका. जागेवरचं गवत काढा, खुंट्या ठोका, दोरी ताणा आणि चुन्याच्या फक्कीने पूर्ण मापाचं घर जमिनीवर आखा. भिंतींची जाडीसुद्धा दाखवा. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासकट दहा इंच खाते. मग शेजारून एक खाट आणा, चार खुर्च्या आणा आणि त्या आखणीत मांडा. दारातून आत या. ओटीवरून स्वयंपाकघरात जा, तिथून मागे. रात्री उठून बाथरूमला जायची वाट चालून बघा. उघड्या आभाळाखाली प्रत्येक खोली लहान वाटते, त्याने घाबरून मापं वाढवू नका. टेप धरा आणि मोजा. सहा फुटी पलंग, दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट, म्हणजे दहा फूट. लांबीला साडेसहा फूट पलंग, पायथ्याशी दोन फुटी कपाट आणि कपाटाचं दार उघडून उभं राहायला साडेतीन फूट, म्हणजे बारा. दहा बाय बारा आतून मिळत असेल तर खोली पुरेशी आहे.

जिन्याचं गणित मात्र स्वतः मांडून बघा, कारण हौशी नकाशांत जिना नेहमी कमी जागेत कोंबलेला असतो. एका मजल्यापासून दुसऱ्यापर्यंत साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच. सात इंची पायरी धरली तर अठरा चढ. मध्ये वळणारा जिना असेल तर एका बाजूला नऊ चढ आणि आठ पावलं, म्हणजे पाय ठेवायच्या सपाट जागा. पाऊल दहा इंची, म्हणजे ऐंशी इंच, सहा फूट आठ इंच. त्यात वळणाच्या ठिकाणी तीन फुटी चौक आणि वर-खाली पाय ठेवायला तेवढीच जागा. असे झाले साडेबारा फुटांच्या वर, आणि रुंदीला साडेसहा फूट. आठ बाय सहात जिना बसवून देणाऱ्याला विचारा की पायरी किती उंच केलीस. तीन इंच वाचवायला गेलं की आजीचं वर जाणं बंद होतं.

स्वयंपाकाच्या ओट्याची उंचीही अशीच ठरवा. चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, आणून ठेवलेलेच असतात. ते रचा, वर फळी टाका आणि रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला त्यावर खरोखर कणीक मळायला सांगा. खांदे वर उचलले जात असतील तर उंच आहे, कंबर वाकत असेल तर कमी. बहुतेक घरांत ती ३२ ते ३४ इंचांत येते. ठेकेदाराला आकडा लिहूनच द्या, नाहीतर तो नेहमीच्या मापाने करून मोकळा होतो.

चिरा, लोखंड, छप्पर

चिरा वापरणार असाल तर खाणीवर स्वतः जा. खाणीतून निघताना चिरा मऊ असतो, हवेत राहून तो कडक होतो. म्हणून उतरवल्यावर थोडे दिवस मोकळा पडू द्या. उचलून वजन बघा. पांढऱ्या मातीच्या पोकळ्या दिसल्या की तो बाजूला काढा. कॉलमशिवाय भिंतींवरच छप्पर पेलायचं असेल तर जोत्यावर, दार-खिडक्यांच्या वरच्या लिंटेलला आणि छपराखाली, अशा तीन ठिकाणी सलग काँक्रीटचा पट्टा हवा. १९६७चा कोयनेचा भूकंप घाटाच्या पलीकडेच झाला होता, आपण त्याच टापूत राहतो.

आरसीसीचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. कामावर एक गोष्ट तुम्हीही बघू शकता: काँक्रीट ओतण्याआधी लोखंडाखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे लोखंड फळीपासून सुटं ठेवणारे छोटे ठोकळे, आहेत का. स्लॅबला किमान २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४०, पायाच्या फुटिंगला ५०. लोखंड फळीला टेकलेलं असेल तर आपल्या दमट, खाऱ्या हवेत काही वर्षांतच गंज बाहेर येतो आणि स्लॅबचे पोपडे पडतात.

मंगलोरी कौलं घालायची तर दोन फूट आडव्याला किमान एक फूट उतार द्या, नाहीतर वाऱ्याने पाणी आत फिरतं. गावात वानरांचा त्रास असेल तर तोही विचारात घ्या. अनेकांनी त्याच कारणाने कौलं काढून पत्रे घातलेत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, पण ते नकाशाच्या आधी सुरू करा. सातबारा, आठ अ आणि फेरफार काढून नावं वाचा. जागा सामाईक असेल तर चुलत भावंडांची संमती लेखी घ्या, तोंडी नको. भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दी कायम करा आणि मगच कुंपण घाला. गावठाणाबाहेर असाल तर बिनशेतीचं तहसीलला विचारा. हे नियम बदलत असतात, म्हणून गावठाणाच्या हद्दीजवळच्या जमिनीला आता काय लागू होतं तेही तिथेच विचारा. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामावरचे निर्बंध, आधी तपासा.

वेळापत्रक मृगापासून मागे मोजा. सात-आठ जूनला मृग लागतो, त्याआधी छप्पर पूर्ण हवं. म्हणजे स्लॅब फेब्रुवारी-मार्चमध्ये पडला पाहिजे, कारण एप्रिलात विहीर तळाला जाते आणि स्लॅबला किमान दहा दिवस, जमलं तर चौदा, पाणी उभं ठेवायचं असतं. म्हणजे दिवाळीनंतर लगेच पाया खणायला हवा. हे जमत नसेल तर पहिल्या वर्षी फक्त जोतं बांधून, मुरूम भरून, कुटून सोडा. पावसाळ्यात भराव बसतो, उरलेली कसर ऑक्टोबरात भरून काढता येते आणि फरशी पुढे खचत नाही. मला ही दोन वर्षांची पद्धत जास्त आवडते, पैशाचीही जुळवाजुळव होते.

ठेकेदाराचे पैसे कामाच्या टप्प्यांवर बांधा: जोतं, लिंटेल, स्लॅब, गिलावा, रंग. जे काम झालं नाही त्याची उचल देऊ नका, आणि शेवटचा हप्ता पहिला पावसाळा उलटल्यावर द्यायचं करारात लिहा. गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, भिंतीला टेप लावून, म्हणजे वायरिंगचे आणि पाण्याचे पाइप जमिनीपासून किती इंचांवर गेलेत ते दिसेल. ते फोटो, इंजिनिअरचे नकाशे आणि सेप्टिक टँक नक्की कुठे पुरलाय याचं माप एका फायलीत ठेवा, आणि एक प्रत गावातल्या शेजाऱ्याकडे द्या, कारण नळ फुटेल तेव्हा तुम्ही मुंबईत असाल.